खांद्याच्या पात्याखालची गाठ : स्नायू न कापता होणारं ऑपरेशन

हात वर केला की पाठीत कटकट वाजते. पाठीवर उताणं झोपलं की एका बाजूला काहीतरी टोचतं. आई केस विंचरताना म्हणते, तुझं एक पातं दुसऱ्यापेक्षा बाहेर आलंय. अशा तक्रारी घेऊन वस्तीतली तरुण मुलंमुली आमच्याकडे येतात, तोवर बहुतेकांचे दोन-तीन ठिकाणी पैसे गेलेले असतात. कुणी नस चढली म्हणून चोळून घेतलेलं असतं, कुणी हाडवैद्याकडे जाऊन पातं 'बसवून' आणलेलं असतं, कुणी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या घेऊन वर्ष काढलेलं असतं.

यातल्या पुष्कळांचं दुखणं खरंच स्नायूंचं असतं आणि विश्रांतीने, व्यायामाने जातं. पण थोड्याजणांच्या पात्याच्या हाडावर गाठ वाढलेली असते. बहुतेक वेळा ती साधी गाठ असते, कर्करोगाची नसते. ती चोळून जात नाही, औषधाने विरघळत नाही, आणि प्रत्येकाने ती काढलीच पाहिजे असंही नाही. काढायची वेळ आलीच, तर ती कोणत्या पद्धतीने काढली जाते यावर त्या माणसाचे पुढचे कित्येक आठवडे अवलंबून असतात. रोजावर जाणाऱ्याचा हात दीड महिना झोळीत असला तर घरात काय होतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणून या वेळी हा विषय.

पातं कसं चालतं

खांद्यामागचं तिकोनी चपटं हाड म्हणजे पातं. कुणी त्याला फरा म्हणतं, कुणी खवाटा. ते बरगड्यांवर, साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीपर्यंत, पालथं ठेवलेल्या ताटलीसारखं असतं. धडाच्या सांगाड्याशी त्याचा हाडाचा जोड फक्त पुढे, गळ्याखालच्या हाडामार्फत आहे. मागे ते नुसत्या स्नायूंवर तोललेलं असतं. असे १७ स्नायू या एका हाडाला येऊन चिकटतात.

हात सरळ डोक्यावर नेताना आपल्याला वाटतं की सगळी हालचाल खांद्याच्या सांध्यात होते. तसं नाही. पूर्ण १८० अंशांपैकी साधारण १२० अंश सांध्यातून येतात आणि उरलेले ६० अंश पातं बरगड्यांवरून सरकून देतं. माळ्यावरचा डबा काढणं, डोक्यावरचा हंडा उतरवणं, पाटी उचलणं, बसमध्ये वरचा दांडा धरणं, या सगळ्यात पातं सरकत असतं. पातं आणि बरगड्या यांच्यामध्ये स्नायूंची मऊ गादी असते, त्यामुळे ते बिनआवाज सरकतं. या गादीत हाडाचा टोकदार उंचवटा आला तर काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा.

हाडाला फुटलेला कोंब

पात्यावरच्या साध्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी गाठ म्हणजे ऑस्टिओकॉन्ड्रोमा. नाव अवघड आहे, पण कागदावर हेच लिहिलेलं असतं, म्हणून ओळखीचं असू द्या. वाढीच्या वयात हाडाच्या कडेला एक कोंब फुटतो. आतून तो हाडाचाच असतो, मूळ हाडाचा गर त्याच्यात थेट उतरलेला असतो, आणि डोक्यावर कूर्चेची टोपी असते. कूर्चा म्हणजे कानाचा वरचा भाग दाबला की हाताला लागतो तो लवचिक कडकपणा. काही गाठी अळंबीसारख्या देठावर असतात, काही फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या पसरट.

शरीरात ही गाठ जास्त करून गुडघ्याच्या आसपास होते. शंभर ऑस्टिओकॉन्ड्रोमा पाहिले तर पात्यावरचे तीन ते पाचच निघतील. म्हणूनच अनेक डॉक्टरांच्या मनातही ती पटकन येत नाही. मूल वाढतं तशी गाठ वाढते, आणि हाडांची वाढ थांबली की गाठीचीही वाढ थांबते. हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

गाठ पात्याच्या मागच्या बाजूला असेल तर हाताला लागते, त्यामुळे लवकर कळते. खरी फसवणूक करते ती पुढच्या बाजूची, म्हणजे पातं आणि बरगड्या यांच्यामध्ये वाढलेली गाठ. ती दिसत नाही, दाबून सापडत नाही. दिसतं ते तिने उचलून धरलेलं पातं. दाराच्या फटीत खडा अडकला की दार पूर्ण लागत नाही, तसं ते पाठीला टेकत नाही. हात हलवला की गाठ बरगडीवरून घासत जाते आणि कटकट ऐकू येते. घासून घासून तिथे पाण्याची पिशवी धरते, ती सुजते आणि दुखू लागते.

पातं बाहेर येण्याचं दुसरंही एक कारण आहे. पात्याला बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या स्नायूची नस अधू झाली तरी पातं पंखासारखं बाहेर येतं. पण ते भिंतीला दोन्ही हातांनी ढकललं की जास्त उठून दिसतं, आणि त्यात कटकट सहसा नसते. गाठीमुळे उचललेलं पातं हात सोडून शांत उभं राहिलं तरी उचललेलंच दिसतं. घरी एवढं बघता येतं. मुलाला उजेडात पाठमोरं उभं करा आणि दोन्ही पाती तुलना करून पाहा. पण यावरून निदान करायचं नाही, डॉक्टरकडे जायचं की नाही एवढंच ठरवायचं.

गाठ असताना चोळणं, पाय देऊन दाबणं, झटका देऊन पातं 'बसवणं' यातून फक्त सूज वाढते. एका मुलीच्या पाठीवर गरम सळईचे डाग आम्ही पाहिले आहेत. गाठ होती तिथेच राहिली आणि वर डाग आले.

आणखी एक गोष्ट. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये, विशेषतः हातांनी जड कामं केलेल्यांमध्ये, पात्याच्या खालच्या टोकाशी एक मऊसर, रबरासारखी गाठ येते. हात पुढे घेतला की ती फुगून दिसते, हात खाली सोडला की पात्याखाली लपते. तिला इलॅस्टोफायब्रोमा म्हणतात. ती हाडाची नाही, कर्करोगाची नाही, आणि त्रास नसेल तर काढावीही लागत नाही. आजीच्या पाठीची गाठ आणि नातीच्या पाठीची गाठ एकच असेल असं धरून चालू नका.

'सिस्टर, कॅन्सर तर नाही ना?'

गाठ म्हटलं की आयांचा हा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. एकट्या ऑस्टिओकॉन्ड्रोमाचं कर्करोगात रूपांतर होण्याचं प्रमाण शंभरात एक किंवा त्याहून कमी आहे. म्हणजे घाबरून झोप उडवण्यासारखं नाही, पण नजर ठेवावी इतकं आहे. वाढ थांबल्यावर गाठही थांबते हा नियम इथे कामाला येतो. माणूस वीस-बावीसच्या पुढे गेला आणि तरी गाठ मोठी होते आहे, आजवर न दुखणारी गाठ दुखू लागली आहे, रात्री झोपेतही ठणकते आहे, तर महिनाभरसुद्धा थांबू नका. एमआरआयमध्ये कूर्चेच्या टोपीची जाडी मोजता येते. मोठ्या माणसात ती दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर डॉक्टर सावध होतात.

काही घरांत अशा गाठी एकट्या नसतात. गुडघ्याला, मनगटाला, घोट्याला, पात्याला, अनेक ठिकाणी असतात. मुलाच्या आहेत आणि बापाच्याही आहेत, असं दिसतं. हा एका जनुकातल्या बदलामुळे येणारा आजार आहे. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून तो होत नाही, गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून होत नाही, आणि कुणाच्या करणीने तर नाहीच. साधारण दहातल्या एकाच्या घरात आधी कुणालाच तो नसतो, बदल त्याच्यापासूनच सुरू होतो. सुनेला दोष देण्याआधी सासरच्यांनी आपल्या मुलाचे गुडघे चाचपून पाहावेत, एवढंच आम्ही म्हणू. अशा कुटुंबात कर्करोगाची शक्यता एकट्या गाठीपेक्षा जास्त असते, म्हणून त्यांनी दरवर्षी तपासून घेणं चुकवू नये.

तपासणी कोणती करायची? छातीचा साधा एक्स-रे पुरत नाही, पात्याखालची गाठ त्यात बरगड्यांच्या सावलीत हरवते. पात्याचा समोरून आणि बाजूने असा वेगळा एक्स-रे लागतो. बाजूच्या फोटोला 'वाय व्ह्यू' म्हणतात, कारण त्यात पातं इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसतं. ऑपरेशनचा विचार असेल तर सीटी स्कॅन करतात. गाठ नेमकी कुठून उगवली आणि किती पसरली ते त्यात कळतं. टोपीबद्दल किंवा आसपासच्या मऊ भागाबद्दल शंका असेल तर एमआरआय. तिन्ही एकदम लिहून दिले असतील तर कोणता कशासाठी, हे विचारायला लाजू नका.

फोटोत गाठ नेहमीसारखी असेल तर सुईने तुकडा काढून तपासण्याची, म्हणजे बायोप्सीची, सहसा गरज पडत नाही. पण गाठ संशयास्पद असेल तर एक गोष्ट ठामपणे सांगतो. बायोप्सी तिथेच करा जिथे पुढचं मोठं ऑपरेशन होणार आहे. सुई ज्या वाटेने आत जाते ती वाट पुढच्या ऑपरेशनमध्ये काढून टाकावी लागू शकते, म्हणून ती कुठून घालायची हे तोच सर्जन ठरवेल तर बरं. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हे अशा हाडाच्या गाठींचं मोठं केंद्र आहे. कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये 'छोटीशी गाठ आहे, भूल देऊन काढून टाकू' असं स्कॅन न करता म्हणत असतील तर उठून या.

काढायची कधी

दुखत नाही, वाजत नाही, पातं उचललेलं नाही, आणि फोटोत सहज म्हणून गाठ सापडली, तर ती तशीच ठेवतात आणि ठराविक काळाने पाहतात. मूल लहान असेल आणि त्रास सोसण्यासारखा असेल तर हाडांची वाढ संपत येईपर्यंत थांबणं बरं, कारण वाढत्या वयात काढलेली गाठ पुन्हा येण्याची शक्यता अधिक असते. गाठ दुखते, कटकटीने काम किंवा अभ्यास अडतो, पातं ठळक बाहेर आलं आहे, हाताला मुंग्या येतात, किंवा मोठ्या वयात गाठ वाढते आहे, तर काढायची.

आमच्या ओळखीच्या एका मुलीचं उदाहरण देतो. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि ४ किलोचा गोळा फेकणं असतं. धावण्यात ती पुढे होती, पण गोळा फेकताना उजव्या पात्यात कळ यायची आणि गोळा जवळच पडायचा. मैदानावरच्या शिक्षकाला वाटलं मुलगी जोर लावत नाही. वर्षभर तिने बोलणी खाल्ली. शेवटी एका सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या विभागात 'वाय व्ह्यू' काढला तेव्हा पात्याच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ निघाली. तिचा पहिला प्रश्न होता, ऑपरेशननंतर हात तेवढाच ताकदवान राहील का? आणि हा प्रश्न गाठ काढण्याच्या पद्धतीचाच आहे.

दोन पद्धती

पात्याच्या आतल्या बाजूला पोहोचायचं तर वाटेत स्नायूंचे थर आहेत. जुन्या, आजही काही ठिकाणी होणाऱ्या पद्धतीत पाठीवर लांब छेद घेतात आणि पात्याच्या मणक्याकडच्या कडेला चिकटलेले स्नायू हाडापासून कापून सोडवतात. पातं वर उचलून गाठ काढतात आणि मग ते स्नायू जागेवर शिवतात. कधी हाडाला भोकं पाडून त्यांतून टाके घ्यावे लागतात. गाठ नीट निघते, त्यात वाद नाही. पण शिवलेला स्नायू हाडाला पुन्हा घट्ट धरायला साधारण चार ते सहा आठवडे घेतो. तोवर हात झोळीत. त्यानंतर आखडलेला खांदा मोकळा करायचा आणि मग ताकद परत आणायची. टाका सैल झाला तर पातं कायमचं अधू राहू शकतं.

स्नायू वाचवण्याच्या पद्धतीत सर्जन स्नायू कापण्याऐवजी त्यांच्यामधली वाट शोधतो. पेशंटला पोटावर झोपवतात आणि दुखऱ्या बाजूचा हात मागे वळवून कमरेवर ठेवतात, बेडी घालताना ठेवतात तसा. तुम्ही घरी करून पाहा, पात्याची आतली कड आपोआप पाठीपासून वर उठते. हा साधा हात फिरवणं ऑपरेशनचं अर्धं काम करून जातं. मग आतल्या कडेलगत किंवा खालच्या कोपऱ्याशी लहान छेद घेतात.

इथे पाठीत एक नैसर्गिक तिकोन आहे. एका बाजूला मानेपासून पाठीवर उतरणारा मोठा स्नायू, खाली कमरेकडून वर येणारा रुंद स्नायू आणि बाहेरून पात्याची कड. या तिकोनात स्नायूंचा थर पातळ असतो. डॉक्टर तुम्हाला हात पुढे गुंफायला सांगून पाठीला स्टेथोस्कोप लावतात ना, ती हीच जागा, कारण फुप्फुसाचा आवाज इथे स्वच्छ येतो. याच खिडकीतून सर्जन पात्याखाली शिरतो. जिथे स्नायू आडवा येतो तिथे तो कापत नाही, त्याचे धागे ज्या दिशेने जातात त्याच दिशेने बाजूला सारतो. कडब्याच्या पेंढीत हात घालताना काड्या मोडाव्या लागत नाहीत, नुसत्या बाजूला होतात, तसं. स्नायू हाडाला जिथे चिकटला आहे तिथे चिकटलेलाच राहतो.

गाठ देठापासून, टोपीसकट आणि तिच्यावरच्या पातळ आवरणासकट काढतात. टोपीचा तुकडा राहिला तर त्यातून गाठ पुन्हा वाढू शकते. हाडाची कड घासून गुळगुळीत करतात, म्हणजे पुन्हा वाजायला नको. सुजलेली पाण्याची पिशवी असेल तर तीही काढतात.

काही मोठ्या रुग्णालयांत दुर्बिणीने, दोन-तीन छोट्या भोकांतूनही हे ऑपरेशन होतं. व्रण लहान राहतो. पण त्याला वेगळी साधनं आणि सरावलेला हात लागतो. पेशंटच्या दृष्टीने दुर्बीण असणं-नसणं यापेक्षा स्नायू हाडापासून सुटला की नाही हे जास्त महत्त्वाचं, असं आमचं मत आहे. दुर्बिणीच्या नावावर बिल फुगतं तेही आम्ही पाहिलं आहे.

प्रत्येकाला ही पद्धत चालत नाही. गाठ फार मोठी असेल, पसरट असेल, खांद्याच्या सांध्याच्या जवळ असेल, तर स्नायू सोडवावा लागतो. आणि कर्करोगाचा संशय असेल तर स्नायू वाचवण्याचा हट्ट धरायचाच नाही. तिथे गाठीभोवतीचा निरोगी भागही काढावा लागतो, तरच माणूस वाचतो. डॉक्टर 'तुमच्या बाबतीत कापावं लागेल' म्हणाले तर ते मागासलेले आहेत असं समजू नका, कारण विचारा.

धोके कोणत्याही ऑपरेशनला असतात. जखमेत रक्त किंवा पाणी साठणं हा इथला नेहमीचा. जंतुसंसर्ग होऊ शकतो. पात्याच्या आसपासून जाणाऱ्या नसांना इजा झाली तर पातं उलट जास्त बाहेर येतं. आणि फुप्फुस फक्त बरगड्यांपलीकडे असल्याने क्वचित त्याच्या आवरणाला छिद्र पडतं. ऑपरेशननंतर धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, तर नर्सला त्याच क्षणी सांगा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

सर्जनला विचारायचे प्रश्न आम्ही आमच्या माणसांना कागदावर लिहून देतो. गाठ पात्याच्या कुठल्या बाजूला आहे? स्नायू हाडापासून सोडवणार का, सोडवणार तर कोणता? हात झोळीत किती दिवस? वजन कधी उचलायचं? काढलेली गाठ तपासायला कुठे पाठवणार? पाच प्रश्न आहेत, पाच मिनिटं लागतात. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात, तरी विचारा. जो सर्जन सांगतो तो चांगला, आणि जो 'तुम्हाला काय कळतंय' म्हणतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

पैशाचं

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली, २०१७ साली हे नाव मिळालं. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्या टेबलावर जा, मग दाखल व्हा. हाडाची साधी गाठ काढणं कोणत्या पॅकेजमध्ये बसतं आणि ते त्या रुग्णालयात उपलब्ध आहे का, हे त्याच्याकडून नक्की करून घ्या. काही ऑपरेशन्स फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. योजनेत केस मंजूर झाल्यावर वर पैसे मागितले तर पावती मागा.

दुसरा रस्ता धर्मादाय रुग्णालयांचा. ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो, तो आधीच काढून ठेवा. तिसरा रस्ता आपल्या जुन्या ओळखीचा, म्हणजे मुंबईत केईएम, सायन, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो. इथे तारीख उशिरा मिळते, पण साधी गाठ महिना-दोन महिने थांबली म्हणून बिघडत नाही. पैसे अडले तर समाजसेवा अधीक्षकाचं ऑफिस विचारत जा. पुष्कळांना ते आहे हेच माहीत नसतं.

घरी आल्यावर

स्नायू वाचवून ऑपरेशन झालं असेल तर झोळी फक्त दुखू नये म्हणून, थोडे दिवस. पहिल्या काही दिवसांतच हात हलवायला सुरुवात करतात. कमरेत वाकायचं, चांगला हात टेबलावर टेकायचा, दुसरा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे आणि गोल फिरवायचा. हात उचलायचा नाही, झुलू द्यायचा. मग भिंतीवर बोटं चढवत नेणं, मग काठी दोन्ही हातांत धरून वर नेणं. यासाठी पैसे मोजून मशीन लावायची गरज नाही. फिजिओथेरपिस्टने एकदा नीट दाखवलं की घरी होतं, मात्र रोज व्हायला हवं. जड वजन, गोळाफेक, पुशअप, सिमेंटची गोणी, पाण्याने भरलेली बादली, हे सगळं सर्जनने परवानगी दिल्यावरच. बहुतेकांना ती काही आठवड्यांत मिळते.

इथे बायकांबद्दल एक सांगायचं आहे. घरात बाईच्या हाताला झोळी दिसते तोवरच तिला विश्रांती मिळते. नव्या पद्धतीत झोळी लवकर निघते, जखम पदराआड असते, आणि घरच्यांना वाटतं की बरी झाली. आठव्या दिवशी ती धुणं आपटायला बसते. हात हलवणं वेगळं आणि ओलं धुणं पिळणं वेगळं. आम्ही डिस्चार्जच्या वेळी नवऱ्याला आणि सासूला शेजारी बसवून हे सांगतो, पेशंटला एकटीला सांगून उपयोग होत नाही. वर उल्लेख केलेल्या मुलीचं ऑपरेशन स्नायू न सोडवता झालं. तिच्या धाकट्या भावाने महिनाभर पाणी भरलं, हे आम्हाला तिच्या टाक्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. तीन महिन्यांनी ती पुन्हा गोळा फेकू लागली. ताकद अजून कमी होती, पण कळ नव्हती.

काढलेली गाठ बाटलीत घालून कधी नातेवाइकांच्याच हातात देतात आणि लॅबमध्ये पोचवायला सांगतात. ती बाटली त्याच दिवशी पोचवा, चिठ्ठीवर नाव आणि वय बरोबर आहे का पाहा, आणि पावती जपा. रिपोर्ट यायला दिवस लागतात, तोवर टाके निघालेले असतात, दुखणं थांबलेलं असतं, आणि लोक रिपोर्ट आणायला जातच नाहीत. गाठ खरोखर साधी होती हे त्या कागदावरच ठरतं. तो आणा, सर्जनला दाखवा, आणि एक्स-रे, सीटीच्या फिल्मसोबत एका पिशवीत ठेवा. पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात, मध्ये वर्तमानपत्र घाला. पुढे सर्जन बोलावतील तेव्हा तीच पिशवी घेऊन जायचं. त्याच जागी पुन्हा कटकट ऐकू आली तर तारखेची वाट न पाहता आधीच जायचं.